ऐंशी मिलीमीटरचं चाक

आमच्या घराच्या दारामागे एका खिळ्याला सुतळीत बांधलेलं लोहचुंबक टांगलेलं असायचं. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातून काढलेलं, बांगडीएवढं. आबा संध्याकाळी कामावरून आले की बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे, पत्र्याच्या आडोशाला कपडे बदलायचे, आणि मग आई ते चुंबक फडक्यात गुंडाळून उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जमिनीवरून फिरवायची. फडक्याला लोखंडाचा कीस चिकटायचा. चुंबक काढून घेतलं की फडक्यावरचा कीस आपोआप गळून पडायचा. एवढं करूनही महिन्यातून एखादं बारीक कुसळ कुणाच्या तरी टाचेत जायचंच. मग आई चिमटा घेऊन बसायची आणि आबांना ऐकवायची, "समदा कारखाना घरात घिऊन येतायसा. त्यापरास तिथंच झोपत जावा की." आबा नुसते हसायचे आणि जेवायला बसायचे.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडमध्ये ते लेथवर टर्नर होते. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवून त्याला पात्यानं हवा तसा गोल आकार देणारं यंत्र. सगळे त्यांना दत्तू मिस्त्री म्हणायचे. शेडमध्ये सहा लेथ होते, पण बारीक काम, म्हणजे केसाएवढा फरकही चालत नाही असं काम, आबांच्याच लेथवर यायचं. आजऱ्याहून काजू फोडायच्या यंत्राचे भाग घेऊन माणसं यायची, जयसिंगपूरहून पंपाचे शाफ्ट यायचे, आणि आबा सुट्टीवर असले तर ती माणसं काम न देता परत जायची. मोजमाप त्यांच्या बोटांत बसलं होतं. जेवताना भाकरी हातात घेतली की अंगठ्यानं कड दाबून म्हणायचे, "आज एक सूत जाड झालीया गं." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आई तव्यावरूनच म्हणायची, "मग घासा तुमच्या मशीनवर." तरी पुढची भाकरी पातळ यायची. खर्डा, पिठलं, आणि रविवारी मटणाचा तांबडा रस्सा. त्या रश्शाचा वास आणि आबांच्या हातांना धुऊनही राहणारा, पातं थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या तेलाचा वास, हे दोन्ही मला अजून एकत्रच आठवतात.

मी इंजिनिअरिंगला गेलो याचं कौतुक आबांनी कधी तोंडानं केलं नाही. शेडमध्ये मात्र त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं करून "ह्यो आमचा अमोल, काँप्युटर शिकायलाय" असं सांगितल्याचं मला आठवतं. त्यांच्या शेजारच्या लेथवर हिंदुरावकाका असायचे. मोठ्या आवाजाचे, मिशीवाले, आबांचे पंचवीस वर्षांचे सोबती. ते म्हणाले, "काँप्युटरनं शाफ्ट घासता येतोय का रं? न्हाय? मग आमचं काय अडत न्हाय." सगळे हसले, मीही हसलो. आता त्या शेडमध्ये लेथसुद्धा काँप्युटरवर चालतात, आणि काका थकून घरी बसलेत.

दुसऱ्या वर्षाला मला आणि सादिक मुजावरला रोबोटच्या स्पर्धेचं वेड लागलं. सादिक माझ्या वर्गातला; त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे बारीक तारा जोडायला त्याच्याइतका शांत हात कॉलेजात दुसरा नव्हता. मोटर, बॅटरी, तारा हे सगळं तो बघायचा, प्रोग्राम मी लिहायचो. स्पर्धेचा नियम सोपा होता. खोलीएवढ्या लाकडी पाटावर एका कोपऱ्यातून रोबोटनं निघायचं, ठरलेलं अंतर जायचं, वळायचं, तिथे ठेवलेला ठोकळा पंजानं उचलायचा आणि परत यायचं. पाटावर रेघ नाही, खूण नाही. चाकाचे किती फेरे झाले हे मोजूनच रोबोटनं अंतर ओळखायचं. चाक ऐंशी मिलीमीटरचं आहे हे प्रोग्रामला माहीत असलं की बाकीचा हिशोब तो करतो. चाकात फरक पडला की सगळंच चुकतं.

सराव आमच्या बाहेरच्या खोलीत चालायचा. आई तेवढ्या वेळापुरती पाण्याची घागर उचलून आत न्यायची आणि दारात बसून तांदूळ निवडत आमची गाडी बघायची. गाडी ठोकळ्याच्या अलीकडेच थांबायची, रोज थांबायची. आमची चाकं बाजारातली प्लास्टिकची, गुळगुळीत. ती जागच्या जागी थोडी घसरायची, फेरा मोजला जायचा पण गाडी तेवढी पुढे जायची नाही. आई म्हणायची, "अगं बाई, दमली वाटतं." दोन दिवस डोकं खाजवल्यावर मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. शंभर सेंटिमीटर जायचं असेल तर एकशे दोन जा. घसरणीची भरपाई. गाडी बरोबर ठोकळ्याशी जाऊन उभी राहिली, पंजा मिटला, ठोकळा उचलला गेला. आईनं तांदळाचं सूप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. ती ओळ घातली आणि मी ती विसरून गेलो.

विद्यापीठाच्या स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला. बातमी आमच्या गल्लीच्या मंडळाच्या पोरांना कळली आणि दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. माझा दहावीतला फोटो, मागे विमान, रॉकेट आणि का कोण जाणे एक वाघ, आणि खाली ठळक अक्षरांत "यंत्रमानवाचे जनक". सादिकचं नाव कोपऱ्यात, चुकीच्या आडनावानं. मी शरमेनं अर्धमेला झालो. मंडळाच्या पोरांकडे जाऊन काढा म्हणालो तर म्हणाले, "पुण्याचा नंबर आला की ह्याच्यापेक्षा मोठा लावतोय की, तोवर ऱ्हाऊ दे." आबा मात्र कामाला जाताना वाट वाकडी करून चौकातून जायला लागले. हे मला हिंदुरावकाकांनी सांगितलं. घरी त्यांनी फ्लेक्सचा विषयही काढला नाही.

पुण्याच्या फायनलला चार दिवस राहिले असताना सरावात एका चाकाची कड चिरली. तसलं चाक गावात दुसरं मिळेना. मग चारही नवी करायची ठरवून मी कागदावर चाकाचं चित्र काढलं, कडेला रबर दाखवलं, मापं घातली आणि संध्याकाळी आबांसमोर ठेवलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला. तो चष्मा त्यांना नुकताच लागला होता आणि तो त्यांना मनापासून आवडत नव्हता.

"हे ऐंशी रबर धरून का रबराबिगर?" त्यांनी विचारलं.

"रबर धरून."

"आनि मार्जिन? तू कुठं मार्जिन धरलंयास का?"

"कसलं मार्जिन?"

"आरं, फौंड्रीत असंच व्हतंय. पॅटर्न करणारा म्हणतोय, असू दे जरा जास्त. मोल्डिंगवाला म्हणतोय, असू दे जरा जास्त. मग आमच्याकडं माल येतोय तवा एकाचं दोनदा झालेलं असतंय. म्हणून आदी इचारावं लागतंय. कुठं धरलं असशील तर सांग."

"न्हाय धरलं हो आबा. ऐंशी म्हणजे ऐंशी."

मला त्या वेळी घाई होती, आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता. काँप्युटरचं काम लेथच्या कामासारखं नसतं, असं काहीतरी मनात होतं. आबांनी "कुठं" म्हटलं होतं, "कागदावर" म्हटलं नव्हतं. हा फरक मला पुढे बरेच महिने कळला नाही.

सुट्टीच्या दिवशी मालकाकडून किल्ली आणून त्यांनी शेड उघडली. एकच लेथ चालू, बाकी पाच गप्प, त्यामुळे त्या मोठ्या शेडमध्ये पात्याचा आवाज लांबवर ऐकू येत होता. ॲल्युमिनियमचा गोल रॉड त्यांनी बांधला आणि त्यावरून चांदीसारख्या लांब वळ्या निघायला लागल्या. चार चाकं केली. प्रत्येकाच्या कडेला खोबण, खोबणीत काळं रबर ताणून बसवलेलं. मग बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर काढला, त्याचे जबडे फडक्यानं पुसले आणि प्रत्येक चाक फिरवत तीन-तीन जागी मोजलं. चौथं चाक मोजून झाल्यावर माझ्यापुढे धरलं. "ऐंशी. बग." मी घड्याळ बघत होतो, सादिक बॅटऱ्या आणायला थांबला होता. मी "हं" म्हणालो. मापाकडे मी पाहिलं नाही, पण ते मोजत होते हे मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

पुण्याच्या त्या मोठ्या कॉलेजातलं सभागृह, गर्दी, वेगवेगळ्या राज्यांची पोरं, त्यांचे एकसारखे टीशर्ट, यातलं फारसं मला आठवत नाही. सरावाला पाच मिनिटं मिळाली. नेमकी पंजाची तार तुटली आणि ती जोडण्यातच पाचही मिनिटं गेली. नवी चाकं पाटावर एकदाही धावली नाहीत. आमचं नाव पुकारलं. मी बटण दाबलं. गाडी सुटली ती इतकी सुरेख, सरळ, न डगमगता, की मागे कुणीतरी "वा" म्हणालं. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, ठोकळ्यापाशी आली आणि थांबली नाही. तीन-चार बोटं पुढे जाऊन थांबली. पंजा हवेत मिटला, हवाच उचलून गाडी शहाण्यासारखी परत फिरली. लोक हसले. दुसरी संधी मिळाली तेव्हाही तेच, तेवढंच, तीन-चार बोटं.

सादिक खाली बसून म्हणाला, "अमोल, प्रोग्राम एकदा बघूया का?"

"प्रोग्राम तोच आहे," मी म्हणालो. "बदललंय ते फक्त चाक."

त्याच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी घेऊन मी रबरावर धरली. पट्टी वाकडी धरली की काय पाहिजे ते दिसतं. मला एक्क्याऐंशीच्या पुढे दिसलं. मी पान्यानं चारही चाकं काढली आणि सभागृहाबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. सादिकनं माझा हात धरायचा प्रयत्न केला, पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

कोल्हापूरला उतरलो तो थेट उद्यमनगरात गेलो. घरी जाऊन पाणी पिऊन बोलावं एवढंही मला सुचलं नाही. चहाची वेळ होती. शेडसमोरच्या टपरीवर आबा, हिंदुरावकाका आणि आजूबाजूच्या शेडमधले सात-आठ जण कप हातात घेऊन उभे होते. मला बघून काका ओरडले, "आला रं आला, यंत्रमानवाचा बाप! कितवा नंबर?" आबांनी कप खाली ठेवला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आबांनी चाक मोठं केलं. त्यामुळं गाडी पुढं गेली. शेवटून दुसरे आलो."

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. आबा म्हणाले, "मोठं? किती मोठं?"

"दीड मिलीमीटर तरी."

दीड मिलीमीटर म्हणजे त्यांच्या धंद्यात काय, हे मला ठाऊक होतं. शिकाऊ पोरगाही एवढं चुकत नाही. आबांनी खिशातून मायक्रोमीटरची डबी काढली. "चाकं कुठं हायत? आण बगू."

"टाकली."

"टाकली?"

"कचऱ्यात टाकली, पुण्यात."

ते डबी हातात धरून उभे राहिले. मग हळू आवाजात, जणू मला एकट्यालाच, म्हणाले, "मी मोजलं व्हतं न्हवं? तू व्हतास की तिथं. मी मोजलं का न्हाय?"

मी म्हणालो, "मला न्हाय आठवत."

ते वाक्य मी रागात बोललो असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. राग होताच, पण नुसता राग नव्हता. सगळ्यांसमोर हरून आलेला मी, आणि मला कुणीतरी दुसरं चुकलेलं हवं होतं. आबांनी डबी खिशात ठेवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "रबर ताणताना व्हय... न्हायतर ह्यो चष्मा," असं काहीतरी पुटपुटले आणि आत गेले. चहा तसाच राहिला.

आमच्याकडची माणसं तोंडाची फटकळ. मनात काही नसतं, पण एक गोष्ट हाताला लागली की ती घासून घासून वापरतात. महिनाभरात "चाक" हा शब्द उद्यमनगरात आबांच्या नावाला चिकटला. कुणी काम घेऊन आला की शेजारच्या शेडमधून आवाज यायचा, "पावणं, आदी मोजून घ्या, पोराचं चाक आठवतंय न्हवं?" आबाही हसायचे. पण घरी भाकरीची जाडी सांगायचं त्यांनी कधी बंद केलं हे माझ्या लक्षातही आलं नाही. आईच्या लक्षात आलं. ती एकदा मुद्दाम जाड भाकरी वाढून वाट बघत बसली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. आई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

शेडमध्ये ते आता एक नग तीन-तीनदा, चार-चारदा मोजायचे. काम रेंगाळायला लागलं. मालक वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही गिऱ्हाईक सांभाळायचं होतं. बारीक काम हळूहळू दुसऱ्या लेथवर गेलं आणि आबांकडे ठोकळ काम यायला लागलं, पुली, बुशा, जिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं असलं. हे त्यांनी घरी सांगितलं नाही. हिंदुरावकाका एकदा रस्त्यात भेटले तेव्हा त्यांच्याकडून कळलं. "तुझा बा काय चुकणारा माणूस न्हवं रं," ते म्हणाले, "पर मानसाला एकदा भ्या बसलं की हात थरथरतोय." मला वाईट वाटलं, पण तेव्हा तरी चाक मोठं होतं असंच मी खरोखर धरून चाललो होतो.

सहा महिन्यांनी पुढच्या स्पर्धेसाठी मी तो जुना प्रोग्राम उघडला. कॉलेजची लॅब, दुपारची वेळ, पंखा कुरकुरत होता. वरून खाली वाचत आलो आणि त्या ओळीवर थांबलो. शंभरला एकशे दोन. मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. आबांचं रबराचं चाक घसरतच नव्हतं. जी घसरण नव्हती तिची भरपाई माझा प्रोग्राम करत होता. मी कागद घेतला. तीन मीटरचं अंतर, शंभराला दोन जास्त, म्हणजे सहा सेंटिमीटर. तीन-चार बोटं. चाक ऐंशीचं होतं, अगदी ऐंशीचं. ते तसं होतं म्हणूनच गाडी बरोबर तेवढी पुढे गेली. ते विचारत होते तेच झालं होतं, एकाचं दोनदा, घसरणीचा बंदोबस्त एकदा माझ्या ओळीनं आणि एकदा आबांच्या रबरानं, आणि "न्हाय धरलं" असं मी त्यांना ठणकावून सांगितलं होतं.

मी तसाच उठून उद्यमनगरात गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. शेडच्या दारात पोचलो तेव्हा आबा एका नव्या कामगाराला काहीतरी शिकवत होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती. म्हणत होते, "डोळ्यावर इस्वास ठेवू नगंस. मोज. मी माज्या पोराचं चाक मोजलं न्हवतं, वाटलं, एवढ्या वर्साचा हात हाय. पोरगं पार पुण्याला जाऊन हरून आलं. म्हणून सांगतोय, मोज."

मोजलं न्हवतं, म्हणत होते. सहा महिन्यांत त्यांनी स्वतःचीच आठवण पुसून टाकली होती, कारण मी तिथे होतो आणि मला आठवत नव्हतं. पोराच्या शब्दापुढे त्यांना स्वतःचे हात खोटे वाटले. मी दारात उभा होतो. दोन पावलं टाकून आत जायचं, एवढंच काम होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या सरांनी प्रोग्रामिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी तीन जणांचा संघ निवडला होता आणि त्यात माझं नाव घेताना वर्गात म्हणाले होते, "पुण्यात मशीन चुकलं, अमोलचा प्रोग्राम चुकला नव्हता." संघ एकच जाणार होता. माझ्या जागेसाठी दोघे-तिघे टपून होते. मी मागच्या मागे फिरलो. रस्त्यात स्वतःला म्हणालो, स्पर्धा होऊ दे, मग सांगू.

त्या स्पर्धेत आम्ही पहिले आलो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिले. मग आणखी दोन ठिकाणी. तीन जणांत एक काँप्युटर, पाच तास, समोर दहा कोडी. एक टाइप करतो तोवर बाकीचे दोघे कागदावर सोडवतात. मी त्यात खरंच चांगला होतो. हे खोट्या नम्रतेनं लपवण्यात काही अर्थ नाही. चौकात नवे फ्लेक्स लागले, वाघाच्या जागी गरुड आला. आणि कॉलेजनं सत्कार ठेवला. पालकांना बोलावलं. आबा पांढरा सदरा घालून, आईला घेऊन, सगळ्यात मागच्या रांगेत बसले. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि तोंडातून काय निघालं, तर पुण्याची गोष्ट. कसे हरलो, कसं वाईट वाटलं, आणि मग, देवा, मी म्हणालो, "माझ्या वडिलांच्या हातून एक छोटी चूक झाली होती. पण त्या चुकीनंच मला शिकवलं की प्रत्येक गोष्ट तपासायची. माझ्या या यशात त्या चुकीचाही वाटा आहे."

सभागृहात टाळ्या पडल्या. किती दिलदार पोरगा, असं पाहुण्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. आबाही टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या दोन-चार जास्त झाल्या. रिक्षातून घरी जाताना ते म्हणाले, "बरं बोललास." आईनं मात्र माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं तिला काहीतरी कळलं. तिला काय कळणार होतं? पण त्या दिवसापासून तिच्या नजरेला नजर देणं मला जड जायला लागलं, ते कायमचं.

आता मी पुण्यातच असतो आणि अशाच स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. गेल्या खेपेला एका मुलीची गाडी भिंतीवर आदळली. तिचा जोडीदार म्हणाला, मोटर खराब आहे. ती म्हणाली, "नाही सर, मोटर चांगली आहे. माझीच ओळ चुकली." एवढं सोपं असतं ते. मी तिच्या कागदावर गुण लिहिले, पेन खाली ठेवलं आणि चहाला म्हणून बाहेर जाऊन एका झाडाखाली उभा राहिलो. माझ्या वयाचा माणूस असा उघड्यावर रडताना बरा दिसत नाही, पण त्या दिवशी इलाज नव्हता.

आबांना सांगायचं राहूनच गेलं असं मी म्हणणार नाही. ते राहिलं नाही, मी ठेवलं. नोकरी लागल्यावर सांगू, लग्नानंतर सांगू, दिवाळीला सांगू. दर दिवाळीला मी कळंब्याच्या तळ्यापर्यंत त्यांच्याबरोबर फिरायला जायचो, आणि दर वेळी तळ्याच्या काठावर ते विचारायचे, "तुझ्या काँप्युटरचं कसं चाललंय?" मी म्हणायचो, बरं चाललंय. परतताना ते पुढे आणि मी दोन पावलं मागे. त्यांची छाती भरायला लागल्यावर ते फिरणंही बंद झालं. शेवटच्या आठवड्यात ते शुद्धीवर होते, बोलत होते, खोलीत आम्ही दोघंच असायचो. तेव्हाही मी औषधांच्या वेळा विचारत बसलो. सांगितलं तर त्यांना त्रास होईल, असं त्या वेळचं माझं कारण होतं. कारणं मला कधी कमी पडली नाहीत.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठावर निम्मं उद्यमनगर आलं होतं. आमच्याकडे विसर्जन झालं की गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायची रीत आहे. भावकीतले एक-दोघे बोलले. मग हिंदुरावकाका पुढे आले. पाय थकलेले, नातवाच्या खांद्यावर हात, पण आवाज तोच, शेडमध्ये सहा लेथ चालू असताना बोलायचा. भोवती सगळे टर्नर, फिटर, वेल्डर, कितीतरी जण आबांच्याच हाताखाली शिकलेले, टोप्या हातात घेऊन उभे होते.

"दत्तू मिस्त्रीसारखा हात पुन्हा व्हणे न्हाय," काका म्हणाले. "चाळीस वर्सं मी त्याच्या शेजारी काढली. उभ्या जन्मात त्याचं एकच काम चुकलं, त्येबी पोराच्या मायेपोटी, घाईत. त्येवढं एक चाक सोडलं तर बोट ठेवायला जागा न्हाय." ते थांबले, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "व्हय का न्हाय रं, अमोल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई बायकांच्या घोळक्यात उभी होती, तीही बघत होती.

मी म्हणालो, "व्हय, काका."